सात रस्त्यावरून आठवी वाट

दिवाळी चार दिवसांवर आली की आपल्या मध्यमवर्गीय घरांतून दोन प्रश्न हमखास निघतात. यंदा चकली बिघडणार तर नाही ना, हा पहिला. आणि भाऊबीज आटोपली की कुठे जायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर भाजणीवर अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र आमच्या सोलापुरात वर्षानुवर्षे ठरून गेलेले आहे. देवाला जायचे असेल तर तुळजापूर, अक्कलकोट, नाही तर पंढरपूर. आणि निसर्ग पाहायचा असेल तर महाबळेश्वर किंवा कोकण. देव आपल्या शेजारी राहतो आणि निसर्ग तेवढा अडीच-तीनशे किलोमीटरांवर जाऊन बसला आहे, अशी आपली पक्की समजूत!

सात रस्त्याच्या चौकात उभे राहून कुणाही भल्या गृहस्थाला विचारून पाहा. विजापूर रोड कुठला, होटगी रोड कुठला, हे तो हात करून अचूक सांगेल. "आणि निसर्ग कुठल्या रस्त्याने?" असे विचारलेत तर क्षणभर तुमच्याकडे निरखून पाहील आणि बहुधा स्टेशनचा रस्ता दाखवील. म्हणजे, बाबा रे, गाडीत बस आणि दुसरीकडे जा! म्हणून या दिवाळीला वाचकांना या सात रस्त्यांखेरीज आठवी एक वाट सुचवावी असा बेत आहे. ती लांबची नाही, अवघड नाही, आणि तिला तिकीटही फारसे पडत नाही. लागते ती फक्त सायकल. आणि ती तर तुमच्या घरी आहेच.

आहेच, असे मी छातीठोकपणे म्हणतो, कारण अलीकडे ज्या घरात दहा-बारा वर्षांचे मूल आहे त्या घराच्या जिन्याखाली किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाड टायरांची, गिअरची, पुढच्या दांड्यात स्प्रिंगा असलेली एक सायकल उभी असतेच. चिरंजीवांच्या वाढदिवसाला ती मोठ्या कौतुकाने आलेली असते. पहिला महिना तिच्यावर फडके फिरते, दुसऱ्या महिन्यात तिच्यावर धूळ बसते आणि तिसऱ्या महिन्यापासून तिच्या दांडीवर ओले टॉवेल वाळू लागतात. दुकानदाराने विकताना तिला 'एमटीबी' म्हटलेले असते. त्याचा साधा अर्थ डोंगरी सायकल. आणि सोलापुरात डोंगर कुठून आणायचा, असा प्रश्न पडल्यामुळेच ती बिचारी टॉवेलांच्या सेवेला लागलेली असते.

या डोंगरी सायकलीची जन्मकथा मोठी मौजेची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरिन नावाचा भाग आहे. तिथल्या काही हौशी तरुणांनी १९७० नंतरच्या दशकात भंगारातल्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली गोळा केल्या आणि त्या घेऊन ते डोंगराच्या कच्च्या वाटेने खाली सुटू लागले. मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक उतारावर इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोचल्यावर ते नव्याने भरावे लागे. या पुन्हा भरण्यालाच इंग्रजीत 'रीपॅक' म्हणतात, आणि १९७६ साली त्या उतारावर ज्या शर्यती सुरू झाल्या त्यांना नावही तेच पडले. १९७७ साली जो ब्रीझ नावाच्या कारागिराने या कामासाठी मुद्दाम नवा सांगाडा बनविला, १९७९ साली गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकलींचे दुकान थाटले, आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ जाऊन बसला. चार उनाड पोरांचा उद्योग वीस वर्षांत ऑलिंपिकला पोचला, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. मात्र अभ्यास संपल्यावर सांगावे.

परंतु नावात डोंगर आहे म्हणून ती डोंगरावरच चालवली पाहिजे असे थोडेच आहे? तिचा खरा गुण म्हणजे ती कच्च्या वाटेला भीत नाही. आपल्या वडिलांची काळी सायकल आठवा. अठ्ठावीस इंची चाक आणि दीड इंची टायर. पक्क्या सडकेवर ती राणीसारखी चाले. पण गाडीवाटेच्या फुफाट्यात शिरली की रुतून बसे. या नव्या सायकलीचे टायर दोन इंच नि त्याहूनही जाड. त्यात हवा थोडी कमी ठेवली की खडे-गोटे ती निमूटपणे गिळते. थोडक्यात काय, ही सायकल माळाची आहे. आणि माळ म्हणाल, तर आम्हा सोलापूरकरांना देवाने तो हात आखडता न घेता दिलेला आहे!

पहिल्या दिवशी लांब जाऊ नये. सात रस्त्यावरून विजापूर रोडला लागावे आणि संभाजी तलावापर्यंत जाऊन यावे. जुनी मंडळी याला अजून कंबर तलावच म्हणतात. जवळच वनखात्याचे स्मृती उद्यान आहे. एवढ्या फेरीत सायकलीची आणि स्वाराची दोघांचीही परीक्षा होऊन जाते. साखळी करकरते का, ब्रेक लागतो का, आणि बाबांना चढावर धाप लागते का, हे तीन प्रश्न घराजवळच सुटलेले बरे.

मग एखाद्या सकाळी खऱ्या वाटेला लागावे. पुणे नाका ओलांडून बार्शीच्या रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर गेले की नान्नज येते. एवढे अंतर डांबरी रस्त्याने, ट्रक-मोटारींच्या सोबतीने, लहान मुलांना घेऊन सायकलीवर तोडावे असे मी सुचवणार नाही. घरात कॉलेजात जाणारी मुले असतील तर त्यांनी पहाटे निघून खुशाल जावे. बाकीच्यांनी सायकली टेंपोत घालाव्यात, नाही तर मोटारीच्या टपावर बांधाव्यात आणि नान्नजला उतरून तिथून चाके फिरवावीत. गावाच्या आसपासच्या कच्च्या वाटांनी चार-पाच किलोमीटर जायचे आणि तितकेच परत यायचे. चढ म्हणाल तर ताटात कलंडलेल्या आमटीला ओघळ येईल, इतकाच. आठ वर्षांच्या मुलीलाही झेपेल आणि साठीच्या आजोबांनाही.

आता इथे कुणी तरी विचारणारच, "अहो, पण तिथे पाहायचे काय?"

हा प्रश्न रास्त आहे. माळाचे पहिले दर्शन खरोखरच निराशा करणारे असते. धबधबा नाही, दरी नाही, दाट झाडी नाही. पाऊस बेताचा, मुरूम वरच आलेला, त्यावर वीतभर माती, आणि त्या मातीत गवत. दिवाळीच्या सुमारास हे गवत पिकून सोनेरी झालेले असते, आणि वाऱ्याची झुळूक आली की साऱ्या माळावरून एक लाट सरकत जाते. मोटारीतून जाणाऱ्याला ही लाट दिसत नाही. त्याला दिसते ती नुसती पिवळी पट्टी. पायी जाणाऱ्याला ती दिसते, पण तो बिचारा उन्हाने लवकर थकतो. सायकलस्वार मात्र या दोघांच्या मधला. ताशी आठ-दहा किलोमीटरांच्या वेगाने तो चालला की त्याच्या कानाला वारा ऐकू येतो, नाकाला गवताचा वास येतो, आणि वाटले तिथे एक पाय टेकवून थांबता येते.

असे थांबले की हळूहळू माळ उघडू लागतो. सारे गवत एकच नव्हे, हे प्रथम ध्यानात येते. मारवेल निराळे, पवन्या निराळे. आणि कुसळी तर आपली ओळख स्वतःच करून देते. तिची कुसळे मोज्यात अशी घुसतात की घरी आल्यावर आईला ती एकेक करून काढत बसावे लागते! मग पायाजवळच्या ढेकळाला पंख फुटतात आणि ते उडून जाते. तो चंडोल असतो. टिटवी ओरडून साऱ्या माळाला वर्दी देते. थंडी पडू लागली की उत्तरेकडचे भोवत्या ससाणे हजारो किलोमीटर तोडून इथे उतरतात आणि गवताच्या शेंड्यांना जवळजवळ घासत, टोळ-नाकतोडे टिपत फिरतात. आणि दैव बरे असेल तर काळविटांचा कळप. मादी तांबूस, नर काळाभोर, पोट पांढरेशुभ्र आणि शिंगे स्क्रूसारखी पिळदार. कळप आधी मान वर करून तुमच्याकडे पाहतो. तुम्ही स्वस्थ राहिलात तर पुन्हा चरू लागतो. एखाद्याने हर्षभराने आरोळी ठोकली की एक उडी, दोन उड्या, आणि माळ मोकळा. मग त्या आरोळी ठोकणाऱ्याकडे घरच्यांनी कसे पाहायचे हे मी सांगायला नको.

लांडगाही या माळावर आहे. ते ऐकून सौभाग्यवतींनी बेत रद्द करू नये. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे की तो येतो असेच आपल्याला वाटते. प्रत्यक्षात माणूस दिसला की तो जातो. धनगरांच्या मेंढरांवर त्याचा डोळा असतो आणि धनगरांच्या कुत्र्यांचा त्याच्यावर. हा हिशेब त्यांच्यात फार जुना आहे. आपण त्यात पडण्याचे कारण नाही.

पण या साऱ्यांचा जो राजा, त्याच्याविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. कारण नान्नजचे नाव जगाला कळले ते त्याच्यामुळे. माळढोक! उभा राहिला की मीटरभर उंच, नर चांगला पंधरा किलोपर्यंत वजनाचा. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याइतके जड पक्षी जगात मोजकेच. विणीच्या दिवसांत गळ्याची पिशवी फुगवून तो जो आवाज काढतो त्यावरून त्याला 'हूम' असेही म्हणतात. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. घरटे नाही, काडी नाही. माळ हेच घर. १९६३ साली मोर आपला राष्ट्रीय पक्षी ठरला, त्या वेळी डॉ. सालिम अली यांनी या मानासाठी माळढोकचे नाव सुचविले होते. मोर काही झाले तरी टिकून राहील, जपायला हवा तो हा, असा विचार त्यामागे असला तर तो किती खरा होता हे आज दिसतेच आहे.

१९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र किती? तर ८,४९६ चौरस किलोमीटर! कागदावर एवढा मोठा प्रदेश. पण त्यात गावे आली, शेते आली, रस्ते आले, बाजारपेठा आल्या. जमिनीचे व्यवहार अडू लागले, कामे अडू लागली, आणि ज्या पक्ष्याचे कौतुक व्हायचे त्याच्याच नावाने लोक बोटे मोडू लागले. पुढे गेल्या दशकात हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले. तोवर इकडे पक्षीच संपत आला होता. कुठे माळ नांगरला गेला, कुठे कारखाने उभे राहिले, आणि विजेच्या तारा तर सगळीकडेच आल्या. माळढोकचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि दिसली तरी एवढा जड देह चटकन वळत नाही. आता नान्नजच्या गणतीत एखादाच पक्षी नोंदला जातो; कधी तोही नाही. साऱ्या देशात मिळून सुमारे दीडशे उरले, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात.

यात शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होणे फार सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी द्राक्षाची एक नवी जात काढली. तिचे नाव 'सोनाका'. सोलापूरचा सो, नान्नजचा ना आणि काळ्यांचा का! ज्या गावाने खडकाळ रानातून असे लांबट, गोड द्राक्ष पिकवून दाखवले, त्या गावाला तुम्ही हातपाय जोडून बसा असे कोण सांगणार? माणसाने पिकवावे, पोट भरावे. माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती तुम्हा-आम्हा शहरातल्या शिकल्यासवरल्यांविषयी आहे.

आपण माळाला नाव काय दिले? पडीक. सात-बाराच्या उताऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा. सरकारी नकाशात गवताळ रानाचा मोठा भाग ओसाड जमीन म्हणून रंगवलेला. एकदा हे नाव पडले की त्या जमिनीचे काही तरी भले करावे, असे प्रत्येक सज्जनाला वाटू लागते. कुणी तिथे वसाहत आखतो, कुणी कचरा टाकतो. आणि ज्यांना झाडांचे प्रेम आहे ते भल्या मनाने तिथे झाडे लावतात. गवताच्या रानात दाटीने झाडे लावणे म्हणजे नदीत भराव घालून 'पाहा, केवढी जमीन मिळाली' असे म्हणण्यासारखे आहे. नान्नजच्या माळावरही गिरिपुष्पाची लागवड झाली. ज्या पक्ष्याला चहूकडे मोकळी नजर हवी, त्याच्या डोळ्यांसमोर आपण हिरवा पडदा लावून दिला. वाईट कुणाच्याच मनात नव्हते. माळ म्हणजे काही नसलेली जागा नव्हे, ती एक भरलेली जागा आहे, एवढेच आपल्याला कुणी दाखवले नव्हते.

सोलापूरचेच सुपुत्र मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण घ्या. १९३२ साली इथे जन्मले, वनखात्यात आयुष्य घालवले आणि रानाची भाषा मराठीत आणली. २००६ साली सोलापुरात साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी तेच होते, आणि जून २०२५ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही सोलापुरातच. त्यांची पुस्तके आपल्या घरोघरी आहेत. पण ती वाचून आपण नवेगाव आणि नागझिऱ्याची स्वप्ने पाहिली. वीस किलोमीटरांवरच्या माळाकडे जावेसे आपल्याला वाटले नाही!

म्हणून हा सायकलीचा खटाटोप. जाताना मात्र काही पथ्ये पाळली पाहिजेत. अभयारण्याच्या हद्दीत शिरायचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते; ती आधी काढावी. आतल्या कुठल्या वाटेवर सायकल न्यायची आणि कुठे हातात धरायची, हे तिथला वनरक्षक सांगेल. त्याच्याशी वाद घालू नये. परवानगी नसेल तर बाहेरच्या गाडीवाटाही काही कमी नाहीत. वाट सोडून चाक गवतात घालायचे नाही, हा पहिला नियम. टिटवीपासून माळढोकपर्यंत इथले कितीक पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती खड्यांसारखीच दिसतात. डोंगरी सायकलीच्या जाड टायरला ती लागलेली कळणारही नाहीत. दुसरा नियम, सोबत कुत्रे नको आणि मोबाईलवर गाणी नकोत. तिसरा, आणि हा दिवाळीसाठी मुद्दाम: फटाका तर नकोच, पण विडी-काडीसुद्धा नको. पिकलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.

सायकलीचे म्हणाल तर बैठक अशी ठेवावी की टाच पॅडलवर टेकली असता पाय सरळ व्हावा. चढ लागण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा. चढाच्या मध्यावर करकर करीत बदलू नये. उतारावर नुसता पुढचा ब्रेक आवळू नये, नाही तर स्वार सायकलीच्या आधी खाली पोचतो. बाभळीचा काटा आणि सराटा हे माळाचे खरे पहारेकरी. म्हणून पंक्चरचे सामान, जादा ट्यूब आणि हातपंप जवळ हवाच. डोक्याला हेल्मेट, दर माणशी निदान एक लिटर पाणी, आणि ऊन चढायच्या आत परतीची वाट. फराळाच्या डब्यात चिवडा आणि शंकरपाळे न्यावेत. लाडू उन्हात तूप सोडतात. रिकाम्या पिशव्या जशा नेल्या तशा परत आणाव्यात.

इतके करून माळढोक दिसेल का? बहुधा नाही. मुलांना तसे आधीच सांगावे. राजस्थानात जैसलमेरजवळ २०१९ पासून माळढोकची पिले वाढवली जात आहेत, आणि २०२४ साली तिथे कृत्रिम गर्भाधानातून एक पिलू जन्माला आले, हेही सांगावे. म्हणजे पक्षी वाढवण्याची विद्या माणसाला साधू लागली आहे. पण पिंजऱ्यात वाढवलेला पक्षी उद्या सोडायचा कुठे? त्याला माळ हवा. आणि माळ काही कुठल्या केंद्रात तयार करता येत नाही. तो राखावा लागतो.

तो राखणारे आज आठ-दहा वर्षांचे आहेत. उद्या त्यांतला कुणी तलाठी होईल, कुणी इंजिनिअर, कुणी नगरसेवक, कुणी जमीन विकत घेणारा. त्यांच्यापुढे कधी तरी एक कागद येईल आणि त्यावर लिहिलेले असेल, 'पडीक'. ज्याने लहानपणी त्या पडिकात पाय टेकवून काळवीट पाहिला आहे, ज्याच्या मोज्यात एकदा तरी तिथली कुसळे शिरली आहेत, त्याची लेखणी सही करण्यापूर्वी क्षणभर थांबेल. त्या क्षणासाठी जिन्याखालच्या सायकलीवरचे टॉवेल काढायला हरकत नाही. टायरमध्ये हवा भरा. सकाळी सहाला निघायचे आहे.